एक ट्यूब, चार मुली: नांदेडच्या एका होस्टेलमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की किनवट, माहूर, मुखेड, देगलूर, हदगाव अशा तालुक्यांतून मुली नांदेडला येतात. नीट द्यायची, डॉक्टर व्हायचं, म्हणून दोन वर्षं क्लासजवळच्या खाजगी होस्टेलवर राहतात. एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट, एक सामाईक कपाट, दाराला आतून लावलेला आरसा आणि तळमजल्यावर मेस. गावाकडे ज्या घरांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नसता, त्या घरांतल्या मुली इथे एका खोलीत झोपतात, एकमेकींच्या ओढण्या घेतात, एकीच्या मोबाइलवर सगळ्या व्हिडिओ बघतात. सोळा-सतराव्या वर्षी आपलं शरीर कसं दिसतं हा प्रश्न तसाही मोठा असतो. इथे त्याला रोज शेजारी दुसरं शरीर, दुसरा रंग आणि दुसरी जात भेटते.

मी अशा क्लासमधल्या मुलींसोबत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण बारावीच्या चार मुलींचं आहे. त्यांची नावं बदलली आहेत आणि गावाघराचे तपशील मुद्दाम थोडे इकडचे तिकडे केले आहेत. लिहायला चौघींची आणि घरच्यांची संमती आहे.

ममता गोंड समाजातली, किनवटकडच्या जंगलकाठच्या गावातली, गावच्या शाळेत दहावीला पहिली आलेली. पूनम बंजारा, मुखेड भागातल्या तांड्यावरची; तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सानिया देगलूरची, वडिलांचं टायरचं दुकान. या तिघी रूम पार्टनर. चौथी हरलीन, नांदेडच्याच जुन्या शीख कुटुंबातली. ती राहायची घरी, पण क्लास सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत यांच्याच खोलीत अभ्यासाला असायची.

त्या वर्षीचं बाहेरचं वातावरणही सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला, म्हणजे निजामकाळातल्या या नोंदींच्या आधारे मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याचा. त्याच गॅझेटच्या आधारे बंजारा समाजाला अनुसूचित जमातीत घ्या, ही मागणी जोरात पुढे आली. मराठवाड्यात ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि विरोधात आदिवासी समाजाचेही निघाले. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती (अ) या वेगळ्या आरक्षण प्रवर्गात आहेत, तर सीमेपलीकडे तेलंगणात लंबाडा, म्हणजे तिथले बंजारा, अनुसूचित जमातीत. किनवटहून आदिलाबाद जवळच, त्यामुळे हा फरक तिथल्या घरांना नात्यागोत्यातून माहीत असतो. मागणीच्या बाजूने किंवा विरोधात इथे मला काही म्हणायचं नाही. मोठ्यांचा हा वाद व्हॉट्सॲपवरून या खोलीत आला आणि एका मुलीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला, एवढंच इथे महत्त्वाचं.

प्रश्न कसा पुढे आला

क्लासने नीटच्या फॉर्मची तयारी म्हणून डिसेंबरातच पासपोर्ट फोटो मागवले. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसणारा, चेहरा स्पष्ट असलेला. ममताने फोटो दिला नाही. आठवण केली तेव्हा ‘गावाकडं काढून आणते’ म्हणाली. नंतर ती टेस्टलाही स्कार्फ बांधून बसू लागली. मेसमध्ये जेवायचं सोडून ताट खोलीवर नेऊ लागली. रेक्टर मॅडमना वाटलं काहीतरी भानगड आहे, कुणा मुलाचं प्रकरण असेल, म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांची शंका चुकली, पण बोलावलं हे फार चांगलं झालं. मुलगी अबोल झाली की आधी घरी फोन करून ‘घेऊन जा’ म्हणणारी होस्टेलं मी पाहिली आहेत.

स्कार्फ काढायला ममताला बराच वेळ लागला. गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडी लालभडक, पातळ, चकचकीत. बारीक लाल शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुटकुळ्या होत्या आणि गालांवर पूर्वी नसलेली लव आली होती. ‘आग होते मॅडम. पाणी लागलं तरी होते. क्लासला जाताना ऊन लागलं की रडू येते.’ मग तिने उशीखालून ट्यूब काढली. ऑगस्टपासून रोज रात्री लावत होती.

ट्यूब पूनमने आणलेली, चौघी वापरत होत्या. मेडिकलवर नुसतं नाव सांगितलं की मिळायची, चिठ्ठी कुणी मागितली नव्हती.

ट्यूबमध्ये काय होतं

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं रंगद्रव्य तयार होणं रोखतं, दुसरं कातडीच्या पेशींची उलाढाल वाढवतं, तिसरं स्टेरॉइड आहे. या मिश्रणाचा मूळ नमुना क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने 1975 साली मांडला. चेहऱ्यावरचे वांग यांसारखे डाग ठराविक काळ, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवण्यासाठी ते वापरतात. रोज लावायचं गोरेपणाचं क्रीम म्हणून ते कधीच नव्हतं. योगायोग असा की 1975 मध्येच भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं. 2020 मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. मधल्या काळात घराघरांत रुजलेली अपेक्षा मात्र गेली नाही. साध्या क्रीमने ती पुरी झाली नाही की मुली मेडिकलच्या ट्यूबकडे वळतात.

ही ट्यूब लबाड असते, कारण सुरुवातीला तिचा गुण येतो. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते, पुटकुळ्या दबतात, आणि दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळ, तुकतुकीत दिसतो. मैत्रिणी विचारतात, ‘काय लावायलीस गं?’ पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. आणि लावणं थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं. घाबरून मुलगी पुन्हा ट्यूब धरते, दोन दिवसांत आराम पडतो आणि फास आवळतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं आहे, आणि ते भारतातल्या डॉक्टरांनी दिलेलं आहे. हायड्रोक्विनोन फार काळ वापरलं तर कातडी उलट निळसर काळी पडू शकते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टेरॉइड औषधांना अनुसूची एचमध्ये आणलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

कपाटात आणखी एक डबी निघाली. पार्लरमधून आणलेली, कसलंही लेबल नसलेली ‘नाइट क्रीम’. मला तिची जास्त भीती वाटली. बिनलेबलच्या अशा क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. अकोल्यात एका विद्यार्थिनीला आणि तिच्या घरातल्या आणखी दोघींना क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. ती डबी सानियाने त्याच दिवशी स्वतःहून माझ्याकडे दिली.

चौघींची कारणं

होस्टेलमध्ये सगळ्यांना वाटत होतं की पोरींना गोरं व्हायचंय, विषय संपला. चौघींशी वेगवेगळं बसून बोलल्यावर तसं राहिलं नाही.

ममताला लग्नाची, बायोडाट्याची काही पडलेली नव्हती. गावात तिचा रंग सगळ्यांचाच रंग होता, त्याच्याकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. नांदेडला आल्यावर एका सरांनी वर्गात प्रश्न विचारताना तिला ‘ए ब्लॅक ब्युटी’ म्हटलं, वर्ग हसला, आणि ते नाव चिकटलं. पण ट्यूब ती नियमाने लावायची ते केवळ यामुळे नाही. सप्टेंबरात, मोर्च्यांच्या दिवसांत, मेसच्या रांगेत राखीव सीटसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा, विषय निघाला. ममताचं प्रकरण समितीकडे अडकलं होतं, ती काळजीत होती. पूनम सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तुला व्हॅलिडिटी कशाला लागते गं? तुझ्या तोंडावरच लिहिलंय.’

ममताने हे वाक्य मला जसंच्या तसं, कसलाही चढउतार न करता सांगितलं. मग म्हणाली, ‘त्या दिवसापासून कुणी माझ्याकडं बघितलं की वाटते, मार्क नाही बघायलेत, सीट बघायलेत.’ तिला गोरं दिसायचं नव्हतं. वर्गात बसल्यावर चेहऱ्यावरून आपली जमात कुणाला वाचता येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पूनमला फक्त दोषी ठरवून मोकळं होता येत नाही. अकरावीत शेजारच्या खोलीतल्या मुली तिला ‘लमाणी’ म्हणून चिडवायच्या. एकदा तिची आजी भेटायला आली, फेटिया-कांचळी हा बंजारा घागरा-चोळीचा पोशाख घातलेली, हातभर पांढरे बलिये म्हणजे बांगड्या, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. मुली खिडकीतून बघत होत्या. पूनम आजीला फाटकातूनच परत घेऊन गेली, स्टँडवर बसवून आली. हे सांगताना ती रडली. मोठ्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं, पाहुणे ‘पोरगी सावळी हाय’ म्हणून हुंड्याचा आकडा वाढवत होते, आणि याडी, म्हणजे आई, फोनवर पूनमला सांगायची, ‘तू तरी उन्हात फिरू नको.’ आपल्याहून सावळी कुणीतरी खोलीत आहे याचा तिला आधार वाटत होता, हे तिने स्वतः ओळखलं. मी सुचवलं नव्हतं.

हरलीन गोरीच होती. तिचा प्रश्न ओठांवरच्या आणि हनुवटीवरच्या केसांचा. घरात अमृतधारी परंपरा, केसाला कात्री लावायची नाही. थ्रेडिंगचा विचारही तिला पाप वाटायचा. क्लासमधली मुलं मागून ‘भाईसाब’ म्हणायची. ट्यूबने लव ‘उजळ’ होते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. स्टेरॉइडने लव उलट वाढते. पाळीही अनियमित होती, पण ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

सानिया ट्यूब मानेला लावायची. मान आणि काखा काळ्या, कातडी जाड, मखमलीसारखी. अम्मी दर सुट्टीत दगडाने घासून अंघोळ घालायची, ‘मैल है’ म्हणून. तो मळ नव्हता. वजन वाढलेल्या मुलीची मान अशी काळी पडली तर बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते, आणि घासल्याने कातडी आणखी जाड होते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हीच मान घासली जाते. आया प्रेमानेच घासतात, म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं असेल तर कृपा करून मुलीची साखर तपासून घ्या.

समोरचे पर्याय

रेक्टर मॅडमचा पहिला विचार सगळ्या खोल्यांची झडती घ्यायची, ट्यूबा जप्त करायच्या, पालकांना बोलवायचं. जबाबदारी त्यांच्यावर होती, म्हणून घाई समजण्यासारखी होती. अडचण अशी की ट्यूब एकदम हिसकावली तर चेहरा आणखी पेटणार आणि मुली दुसऱ्या दिवशी दुसरी आणून लपवणार.

क्लासच्या संचालकांनी सुचवलं, एखाद्या ताईंना बोलावून ‘स्वतःवर प्रेम करा’ असं व्याख्यान ठेवू. मी नको म्हटलं. ज्या मुलीला चेहऱ्यावरून सीट मोजली जाते असं वाटतं, तिला ‘तू सुंदर आहेस’ सांगून काय मिळणार? आणि ज्या मुलीचा मूळ प्रश्न पाळीचा आहे तिला?

तिसरा पर्याय तक्रारीचा. ममता अनुसूचित जमातीची, पूनम महाराष्ट्रात त्या यादीत नाही, बोलणं मेसच्या रांगेत दहा जणींसमोर झालेलं. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार करणं भाग होतं आणि तो करण्याचा ममताला पूर्ण हक्क होता. दोघीही सतरा वर्षांच्या, प्रकरण गेलं असतं तर बाल न्याय मंडळापुढे. हा पर्याय मी ममतासमोर स्पष्ट ठेवला, लपवला नाही. ‘मैत्रिणी आहात, मिटवून टाका’ म्हणणं सगळ्यात सोपं असतं आणि ज्याला लागलंय त्याच्यावरच मिटवण्याचं ओझं टाकतं. तिने दोन दिवस विचार केला, वडिलांशी बोलली आणि नको म्हणाली. पण एक अट घातली: ‘सरांनी पण तसं म्हणायचं बंद करायचं. नुसतं पूनमला बोलून काय होते?’

सतराव्या वर्षी तिला प्रश्नाची मुळं आमच्यापेक्षा नीट दिसत होती.

घरी कळवायचं की नाही, हाही निर्णय अवघड होता. मुलगी अठराच्या आतली, उपचार करायचे तर पालक हवेतच. ममताला भीती होती की माय ‘नको ते शहर’ म्हणून घरी नेईल. मधला मार्ग असा काढला की फोन ममतानेच करायचा, माझ्यासमोर, पूर्ण खरं सांगून, आणि शेवटी मी बोलायचं. माय आदिलाबाद लाइनच्या गाडीने दुसऱ्या दिवशी आली. चेहरा बघून घाबरली, रागावली, मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. घरी नेण्याचं नाव तिने काढलं नाही. तिचा प्रश्न एकच होता, ‘डॉक्टरकडं कवा जायचं?’

काय केलं

विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. ममताने डॉक्टर मॅडमना पहिलीच विनंती केली: ‘परीक्षा होईपर्यंत लावू द्या, मग सोडते.’ हा खरा पेच होता. ट्यूब सोडली की काही आठवडे चेहरा आणखी बिघडणार, तेही टेस्ट सिरीजच्या ऐन दिवसांत. चालू ठेवली तर नुकसान वाढणार आणि उसळी परीक्षेच्या तोंडावर, एप्रिल-मेच्या उन्हात येणार. डॉक्टरांनी दोन्ही बाजू तिला समजतील अशा सांगितल्या आणि आत्ताच थांबवण्याचा सल्ला दिला. मुरूम-सूज आवरायला औषध, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, चेहऱ्यावर दुसरं काहीही नाही. उसळी येणार, ती औषध चुकल्याची खूण नाही, घाबरून ट्यूब धरायची नाही, हे त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला. प्रत्येकाची कातडी आणि वापर वेगळा असतो, त्यामुळे एकदम थांबायचं की टप्प्याटप्प्याने, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. हे वाचून कुणी आपल्या मनाने ठरवू नये.

जानेवारीत ममताचा चेहरा खरंच पेटला. एका रात्री तिने दुसऱ्या खोलीतल्या मुलीची ट्यूब मागून लावली. सकाळी तिनेच येऊन सांगितलं. रेक्टर मॅडमनी आधीच ठरल्याप्रमाणे ओरडणं टाळलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. त्या काळात रात्री झोप लागत नव्हती तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावरही ती दोनदा बोलली. तिथे मराठीत बोलणारं माणूस मिळतं आणि फोन मोफत असतो.

पूनमशी मी तीन वेळा बसले. पहिल्या वेळी ती ‘मजाक केली’ एवढंच म्हणत राहिली. तिला माफी मागायला लावणं मी टाळलं. रेक्टरसमोर उभं करून म्हणवून घेतलेली माफी ममताला पुन्हा सगळ्यांसमोर आणते. तिसऱ्या बैठकीत आजीची गोष्ट निघाली. त्यानंतर ती स्वतः ममताकडे गेली. काय बोलणं झालं ते दोघींनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

सरांचं काम जास्त कठीण निघालं. संचालकांकडे मी लेखी दिलं. सर म्हणाले, ‘लाडाने म्हणतो, मुलींना आवडतं.’ संचालकांनी वर्गात टोपणनावं बंद, असा नियम सगळ्या शिक्षकांसाठी काढला. सर तिच्याशी त्याबद्दल बोलले नाहीत, पण ते नाव पुन्हा ऐकू आलं नाही.

या सगळ्यानंतर, फेब्रुवारीत, सगळ्या मुलींसाठी एक बैठक घेतली. व्याख्यान ठेवलं नाही. त्वचारोग विभागातल्या एका निवासी डॉक्टर आल्या आणि मुलींनी आपापल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायची, एवढंच केलं. नीटची तयारी करणाऱ्या मुली, त्यांना मेलॅनिन पाठ होतं. गोऱ्या आणि काळ्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक त्या पेशी तयार करत असलेल्या रंगकणांच्या प्रमाणात, आकारात आणि पसरण्यात असतो, आणि हे कण उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींच्या केंद्रकाचं रक्षण करतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘मग आपण जे कमी करायलो ते संरक्षणच की?’ त्या बैठकीनंतर कपाटांतून आपणहून निघालेल्या ट्यूबांनी एक पिशवी भरली. मुलांच्या होस्टेलवर याच ट्यूबा आणि शिवाय जिमवाल्यांची पावडर चालते. तिकडे अजून कुणी गेलेलं नाही.

फोटोचा प्रश्न

ममताचा फोटो राहिलाच होता. सूज उतरल्यावर ती पूनमला घेऊन स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्याने सवयीने चेहरा दोन छटा उजळ करून प्रिंट काढली. तो म्हणाला, कुणी सांगत नाही तरी सगळ्यांचेच करतो, नाहीतर गिऱ्हाईक नाराज होतं. पूनम त्याला म्हणाली, ‘दादा, हिचा रंग हाय तसा ठेवा, परीक्षेला हीच जाणार हाय.’ फोटो पुन्हा निघाला. परीक्षा केंद्रावर चेहरा फोटोशी ताडून पाहतात, त्यामुळे हा साधा व्यवहाराचाही मुद्दा होता.

याच वेळी ममताने आणखी एक गोष्ट दाखवली जी मी रोज रस्त्याने जाताना बघत होते आणि मला दिसली नव्हती. क्लासच्या फ्लेक्सवर मागच्या निकालातल्या टॉपर मुलामुलींचे फोटो असतात. ‘मॅडम, यात एकही पोरगी माझ्या रंगाची नाही. किनवटची एक दीदी आहे त्यात, मी तिला ओळखते, ती अशी दिसत नाही.’ फ्लेक्स बनवणारा सगळ्या चेहऱ्यांना एकच उजळ छटा देत होता.

परिणाम

एप्रिलच्या सुरुवातीला हे लिहिते आहे. ममताची आग थांबली, मुरूम बसले. गालांवरच्या काही शिरा राहिल्या आहेत, त्या किती जातील हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तिची व्हॅलिडिटी मार्चमध्ये आली. मेसमध्ये पुन्हा खाली जेवते. वर्गात मात्र अजून शेवटच्या बाकावर बसते.

पूनमने ट्यूब सोडली, बाजारातलं साधं ‘ग्लो’चं क्रीम लावते. बहिणीचं लग्न जमलं, हुंडा द्यावाच लागला. साखरपुड्याचे आजीसोबतचे फोटो तिने खोलीत दाखवले.

सानियाच्या तपासणीत इन्सुलिनचा प्रश्न निघाला. खाणं आणि चालणं बदललं आहे, वजन थोडं उतरलं, मान तेवढीच काळी आहे. तिला वेळ लागतो. अम्मीने घासणं बंद केलं.

हरलीनचं निदान पीसीओएस, म्हणजे केसांमागे संप्रेरकांचं कारण. औषध सुरू झालं तेव्हा तिच्या दादीने एक गोष्ट केली. स्वतःच्या हनुवटीवरचे केस नातीला दाखवून म्हणाली, आमच्याकडे हे असतातच. हरलीनला त्याने बरं वाटलं की नाही, ती ठरवू शकत नाही. केस ठेवायचे की नाही, यावर तिने काही ठरवलेलं नाही आणि कुणी घाई करत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्ट ते डिसेंबर हे महिने वाया गेले. ममता मेसमधून गायब झाली ते नोव्हेंबरात, पण होस्टेलच्या वहीत फक्त रात्रीची हजेरी असते, जेवणाची नसते. कोण जेवायला येत नाही हे मेसच्या मावशींना पहिल्यांदा कळतं, आणि त्यांना विचारायची पद्धत कुठेच नाही.

पूनमला कुणी ‘लमाणी’ म्हणत होतं तेव्हा, म्हणजे वर्षभर आधी, लक्ष घातलं असतं तर सप्टेंबरातलं वाक्य कदाचित निघालंच नसतं. अपमान खाली उतरत जातो, ज्याला लागतो तो पुढच्याला देतो. मधल्या पायरीवर थांबवला तर खालची वाचते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी शासनाच्या किशोरवयीन आरोग्य कार्यक्रमातल्या ‘मैत्री’ क्लिनिकचा विचार व्हायला हवा होता. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, पण क्लास आणि खाजगी होस्टेलं शाळेच्या यादीत येत नाहीत. त्यामुळे दहावीनंतर घर सोडलेली मुलगी त्या कार्यक्रमाच्या नजरेतून सुटते, नेमक्या त्या वयात जेव्हा तिला त्याची गरज सगळ्यात जास्त असते.

कायद्याच्या पर्यायाबद्दल मला आजही दोन बाजू दिसतात. तक्रार न केल्याने दोघी मैत्रिणी राहिल्या आणि पूनमचं वर्ष वाचलं. पण सर सुटले, आणि त्यांचं बोलणं पूनमच्या वाक्यापेक्षा आधीचं आणि मोठ्या माणसाचं होतं. पुढच्या वेळी शिक्षकाच्या बाबतीत मी लेखी खुलासा आणि मुलीची समोरासमोर माफी, दोन्ही मागेन.

चिठ्ठीशिवाय ट्यूब विकणाऱ्या दुकानाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे ममताच्या वडिलांनी आणि रेक्टर मॅडमनी मिळून अर्ज दिला आहे, बिल नसल्यामुळे रिकामी ट्यूब आणि बॅच क्रमांक जोडून. यापुढे असा अर्ज करणाऱ्यांनी बिल आधी मागून ठेवावं. उत्तर आलेलं नाही. होस्टेलच्या जूनच्या प्रवेश अर्जात ‘चेहऱ्याला किंवा अंगाला कुठली औषधं लावता’ हा रकाना घातला आहे आणि मेसच्या मावशींकडे जेवणाची वही दिली आहे. फ्लेक्सवरचे चेहरे उजळायचे नाहीत, हे संचालकांनी डिझायनरला सांगितलं आहे. निकाल लागल्यावर पहिला फ्लेक्स छापायला जाण्याआधी त्याची फाइल ममता आणि पूनमला दाखवायची, असं ठरलं आहे.